कौतुकाचे ओझे

आपल्या गावचा मुलगा मोठ्या मैदानावर उतरला म्हणजे त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार साऱ्या गावाला आपोआप प्राप्त होतो. हा अधिकार सोलापूरकर गेली काही वर्षे मनसोक्त बजावीत आहेत. नवी पेठेतील दुकानाच्या फळीवर, पार्क चौकातील चहाच्या टपरीवर किंवा सात रस्त्यावर अर्शिन कुलकर्णी या तरुण क्रिकेटपटूचे नाव निघाले की मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू अशा चारही भाषांतून एकच वाद रंगतो. हा मुलगा कोठवर जाईल, हा त्या वादाचा विषय. या चर्चेला नाक मुरडण्याची आमची मुळीच इच्छा नाही. ज्या गावाला आपल्या मुलांविषयी भांडावेसे वाटत नाही ते गाव म्हातारे झाले असे समजावे. तथापि या चर्चेने जे वळण घेतले आहे त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते. आपण त्याच्या वाढीची चर्चा करीत आहोत अशी आपली समजूत आहे. वस्तुतः आपण दर संध्याकाळी त्याचा निकाल लावीत आहोत. वाढ पाहणे आणि निकाल लावणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली म्हणजे नुकसान मुलाचे होते, आणि गावाचेही होते.

प्रथम घडले काय ते क्रमाने पाहू. १५ फेब्रुवारी २००५ रोजी जन्मलेला हा सोलापूरचा मुलगा. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्याच वर्षी नाशिकच्या संघाकडून खेळताना त्याने पुणेरी बाप्पा संघाविरुद्ध अवघ्या ५४ चेंडूंत ११७ धावा काढल्या. त्यांत १३ षटकार होते. त्याच सामन्यात त्याने चार बळी घेतले, अखेरचे षटकही त्यानेच टाकले, आणि सामना एका धावेने जिंकला. त्यानंतरच्या डिसेंबरात एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाकडून दुबईच्या आशिया चषक स्पर्धेत तो खेळला, आणि १९ डिसेंबर २०२३ रोजी त्याच दुबईत झालेल्या आयपीएलच्या लिलावात लखनौच्या संघाने त्याला २० लाख रुपयांस घेतले. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील युवा विश्वचषकात ब्लूमफाँटीनला अमेरिकेविरुद्ध त्याने १०८ धावांची खेळी केली. वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच एवढे घडले. सोलापूरकरांनी पेढे वाटले ते उगाच नव्हे.

आणि मग ३० एप्रिल २०२४ ची रात्र आली. मुंबईविरुद्धच्या सामन्यात लखनौकडून तो सलामीला आला, आणि आयपीएलमधील आपल्या पहिल्याच चेंडूवर नुवान तुषाराच्या गोलंदाजीवर पायचीत झाला. त्या रात्रीपासून आपल्या गावात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, मुलगा अस्सल आहे, त्याला संधीच देत नाहीत. दुसरा म्हणतो, लहान मैदानावरचे षटकार निराळे आणि मोठ्या मैदानावरचे निराळे. जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे करंडकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यात त्याने पंजाबविरुद्ध १०७ आणि लगेच पुढच्या सामन्यात विदर्भाविरुद्ध ९० धावा काढल्या, तेव्हा पहिल्या पक्षाचा आवाज चढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईविरुद्धच्या सरावाच्या सामन्यात त्याने १८६ धावा काढल्या आणि पृथ्वी शॉसह ३०५ धावांची सलामी दिली. पुढल्याच आठवड्यात थिरुवनंतपुरम येथे केरळविरुद्धच्या रणजी सामन्यात तो पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला, आणि लागलीच दुसऱ्या पक्षाचा आवाज चढला. त्या सकाळी महाराष्ट्राचे पहिले चार फलंदाज खाते न उघडता परतले होते, ही गोष्ट कोणी फारशी लक्षात घेतली नाही.

एका आठवड्यात १८६ आणि ० हे दोन्ही आकडे ज्याच्या नावावर लागतात, त्याच्याविषयी एका आकड्यावरून मत बनविणारा माणूस वाढ पाहात नाही. तो केवळ तापमापकातील पारा पाहात असतो. आम्ही काही वर्षे शाळामास्तरकी केली आहे. त्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळून येते. चाचणीतील गुण मुलाने त्या दिवशी काय लिहिले एवढेच सांगतात. गेल्या वर्षी ज्या ठिकाणी त्याची पेन्सिल अडत होती त्या ठिकाणी ती आता सरळ जाते की नाही, हे पाहावयाचे तर वही उघडावी लागते. क्रिकेटमधील वही म्हणजे चार दिवसांचा सामना. नव्या चेंडूवर पहिला तास कसा काढला, ऑफ-स्टंपच्या बाहेरचे चेंडू सोडता आले की नाही, एकदा जेथे फसला तेथे दुसऱ्यांदा फसला काय, दिवसाच्या शेवटच्या सत्रात दमलेल्या पायांनी गोलंदाजी कशी टाकली, ही त्या वहीची पाने आहेत. ती पाने दूरदर्शनवर क्वचितच दिसतात. म्हणूनच त्यांच्यावाचून मत देण्याची सवय आपणांस जडली आहे.

याबाबतीत दाखला देण्यासाठी फार दूर जावयास नको. भारताचे एक थोर फलंदाज पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ साली याच सोलापुरात झाला. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध नाबाद १३० धावा काढून भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटी विजयात त्यांनी मोलाचा वाटा उचलला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. तेथे फ्रेडी ट्रूमनच्या वेगापुढे चार कसोट्यांतील सात डावांत मिळून त्यांच्या धावा झाल्या अवघ्या ४३. वेगवान गोलंदाजी दिसली की हा फलंदाज मागे सरतो, असा शिक्का त्यांच्यावर बसला. त्या काळी आजच्यासारखा प्रत्येकाच्या खिशात पडदा असता आणि दर संध्याकाळी निकाल लागत असते, तर उम्रीगर यांचे नाव तेथेच पुसले गेले असते. परंतु निवडकर्त्यांनी धीर धरला. १९५३ साली वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी दोन शतकांसह कसोटी मालिकेत ५६० धावा काढल्या. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून कसोटीत द्विशतक करणारे पहिले भारतीय होण्याचा मान त्यांनी मिळविला. ५९ कसोट्या, ३,६३१ धावा आणि १२ शतके अशी त्यांची कारकीर्द भरली. सात डावांतील ४३ धावा खोट्या नव्हत्या, त्या खऱ्याच होत्या; पण त्या शेवटचा शब्द नव्हत्या.

अर्शिनने ज्या खेळाडूला आपला आदर्श मानले आहे, त्या जॅक कॅलिसची कथा याहून वेगळी नाही. डिसेंबर १९९५ मध्ये डर्बनला कसोटीत पदार्पण करताना कॅलिसने केली एक धाव. त्याचे पहिले कसोटी शतक झाले मेलबर्नला, दोन वर्षांनी. पुढे १६६ कसोट्यांत १३,२८९ धावा आणि २९२ बळी असा अजोड हिशेब त्याने मांडला. आपल्या महाराष्ट्राचाच दाखला हवा असेल तर ऋतुराज गायकवाडचा घ्या. त्यालाही चेन्नईच्या संघाने २० लाखांसच घेतले होते. २०१९ चा संपूर्ण हंगाम त्याने बाकावर बसून काढला. २०२० मध्ये पहिला सामना मिळाला तेव्हा तोही पहिल्याच चेंडूवर बाद झाला. पहिल्या तीन डावांत त्याच्या धावा होत्या ०, ५ आणि ०. त्यानंतर संघाने त्याला पुन्हा उभे केले, तेव्हा त्याने लागोपाठ तीन अर्धशतके काढली, आणि २०२१ मध्ये ६३५ धावा करून तो साऱ्या स्पर्धेत पहिला आला. पहिल्या चेंडूवरचा भोपळा हा कपाळीचा लेख नव्हे, हे सिद्ध करण्यास एवढा पुरावा पुरेसा व्हावा.

येथे कोणी म्हणेल की, उम्रीगर, कॅलिस आणि गायकवाड ही नावे यशस्वी झालेल्यांची. ज्यांना धीर देऊनही काही साधले नाही त्यांची नावे आपण विसरतो. हा आक्षेप खरा आहे, आणि तो आम्ही मोकळेपणी मान्य करतो. धीर धरला म्हणजे प्रत्येक मुलगा मोठा होतोच असे नाही. अर्शिन कुलकर्णी उद्या भारताकडून खेळेल असे भविष्य आम्ही वर्तवीत नाही, आणि खेळणार नाही असेही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, धीर धरल्याने यश निश्चित होत नसले तरी अधीरपणाने अपयश मात्र पुष्कळदा निश्चित होते. ज्या झाडाची मुळे धरली की नाही हे पाहण्यासाठी आपण ते रोज उपटून पाहतो, ते झाड न जगल्याचा दोष मातीला देता येत नाही.

परक्या देशांत ही गोष्ट कशी हाताळतात हे पाहणे उद्बोधक आहे. कॅनडा आणि अमेरिका येथे बर्फावरच्या हॉकीचे वेड आपल्या क्रिकेटच्या वेडासारखेच आहे. तेथील राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये १९६३ पासून तरुण खेळाडूंची वार्षिक निवड होते. अठरा वर्षांच्या आसपासची मुले, बत्तीस संघ, सात फेऱ्या, असा तिचा आजचा पसारा आहे. निवड झाली की तेथील शौकीनही आपल्यासारखेच रात्रंदिवस काथ्याकूट करतात. परंतु निवडलेल्या मुलांपैकी बहुतेक जण लगेच मोठ्या संघात जात नाहीत. ते आपल्या कुमारांच्या संघात, विद्यापीठात किंवा खालच्या लीगमध्ये आणखी काही वर्षे खेळतात. संघाचा त्यांच्यावरील हक्क तेवढा काळ कायम राहतो, आणि त्यांच्या प्रगतीवर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमलेले असतात. १९९८ साली डेट्रॉइटच्या संघाने १७१ व्या क्रमांकावर निवडलेला पावेल दात्सुक मोठ्या संघात आला २००१ मध्ये. १९९९ साली २१० व्या क्रमांकावर निवडलेला हेन्रिक झेटरबर्ग आला २००२ मध्ये. दोघेही त्या खेळातील अग्रगण्य खेळाडू ठरले, आणि २००८ साली त्या संघाने अजिंक्यपदाचा स्टॅन्ली चषक जिंकला तेव्हा दोघेही त्याचे आधारस्तंभ होते. तेथे निवड म्हणजे शाळेत नाव घालणे, परीक्षेत पहिला येणे नव्हे.

आपल्याकडे मात्र या प्रकाराला नावच लिलाव असे पडले आहे. शब्दांचा मनावर परिणाम होतो. लिलावात घेतलेल्या वस्तूचे मोल लगेच वसूल व्हावे असे घेणाऱ्यास वाटते, आणि पाहणाऱ्यासही वाटू लागते. हंगाम दोन महिन्यांचा. संघात पंचवीसपर्यंत माणसे. वर्षअखेरीस कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे याची यादी. या व्यवस्थेला शिकविण्याची मुभा थोडी आणि निवडण्याची घाई फार. लखनौच्या संघाने नंतरच्या मोठ्या लिलावात अर्शिनला ३० लाखांस पुन्हा घेतले आणि २०२६ च्या हंगामासाठीही कायम ठेवले, ही गोष्ट त्यामानाने समाधानाची होय. ज्यांनी त्याला जवळून पाहिले त्यांनी धीर सोडला नाही. मग ज्यांनी त्याला केवळ पडद्यावर पाहिले त्यांनी तो का सोडावा?

या मुलाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, आणि चर्चा करावयाची तर ती या धोक्याची व्हावयास हवी. अर्शिन हा जात्या अष्टपैलू आहे. तो सलामीला येतो आणि मध्यमगती गोलंदाजीही करतो. असे खेळाडू भारतास फार क्वचित मिळतात. परंतु २०२३ पासून आयपीएलमध्ये 'इम्पॅक्ट प्लेअर' नावाचा जो नियम आला आहे, त्याअन्वये सामन्याच्या मध्येच एक खेळाडू बदलून बारावा उतरविता येतो. त्यामुळे फलंदाजाच्या जागी निखळ गोलंदाज आणि गोलंदाजाच्या जागी निखळ फलंदाज आणणे सोपे झाले. दोन्ही कामे बऱ्यापैकी करणाऱ्या मुलाची गरजच त्यामुळे कमी झाली. खुद्द रोहित शर्मा यांनी २०२४ मध्ये, या नियमामुळे अष्टपैलूंची वाढ खुंटते असे उघड बोलून दाखविले. तरीही क्रिकेट मंडळाने हा नियम २०२७ पर्यंत चालू ठेवण्याचे ठरविले. अशा स्थितीत अर्शिनची गोलंदाजी टिकावयाची असेल तर ती महाराष्ट्राच्या संघातच, रणजीच्या लांब पल्ल्यातच टिकेल. त्याने किती षटकार मारले हे विचारणाऱ्या शंभर माणसांपैकी दहांनी जरी त्याने या मोसमात किती षटके टाकली असे विचारावयास आरंभ केला, तरी आपल्या चर्चेची प्रत सुधारली असे म्हणता येईल.

एका काळी महाराष्ट्रातील गुणी खेळाडूंचे दुःख निराळे होते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा काढल्या. डॉन ब्रॅडमनचा त्या वेळचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम हाताच्या अंतरावर असता प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामना सोडून दिला, आणि पुढे निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. त्या पिढीतील गुणवंतांना संधी मिळत नसे. आजच्या पिढीतील गुणवंतांना संधी मिळते, पण मुदत मिळत नाही. पहिल्या अन्यायास निवडकर्ते जबाबदार होते. दुसऱ्यास काही अंशी आपण प्रेक्षकही जबाबदार आहोत, कारण संघचालकांची घाई ही बव्हंशी प्रेक्षकांच्या घाईची सावली असते.

या घाईचा उपसर्ग एकट्या अर्शिनला पोहोचत नाही, म्हणूनच हा विषय पहिल्या पानावर घेण्याइतका महत्त्वाचा आम्ही मानतो. लिलावाचा आकडा वर्तमानपत्रात छापून आला की गावातील कित्येक घरांत हिशेब सुरू होतो. मुलाला शाळेतून अर्धवट काढून दिवसभर नेटमध्ये उभे करावे काय, नोकरीचे पैसे मोडून त्याला पुण्यास ठेवावे काय, असे प्रश्न आईबाप एकमेकांस विचारू लागतात. अशा पालकांस आम्ही एक आकडा सांगू इच्छितो. ज्या लिलावात अर्शिनची निवड झाली, त्यासाठी जगभरातून १,१६६ खेळाडूंनी नावे नोंदविली होती. त्यांतून ३३३ जणांची यादी झाली, आणि प्रत्यक्ष निवड झाली ७२ जणांची. नाव नोंदविण्याच्या पायरीपर्यंतही जे पोहोचले नाहीत त्यांची गणती कोणी केलेली नाही. मुलाने खेळू नये असे आम्ही म्हणत नाही. त्याने भरपूर खेळावे. पण खेळासाठी वही-पुस्तक विकू नये. प्रा. दि. ब. देवधर संस्कृतचे अध्यापन करीत असत, आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्या वेळी ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. काळ बदलला, हे आम्हांस ठाऊक आहे. पण विद्या आणि खेळ यांचे हाडवैर आहे हा समज त्या काळीही खरा नव्हता आणि आजही नाही.

वाढीचे वेळापत्रक सर्वांचे एक नसते, हे सांगणारा दुसरा दाखलाही आपल्याच जिल्ह्यातील आहे. सोलापूर जिल्ह्याची कन्या किरण नवगिरे ही प्रथम भालाफेक आणि गोळाफेक करणारी मैदानी खेळाडू. क्रिकेटकडे ती उशिरा वळली. संधीच्या शोधात ती नागालँडच्या संघाकडून खेळली, आणि २०२२ साली अरुणाचल प्रदेशाविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यात तिने एकटीने १६२ धावा काढल्या. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली तेव्हा तिचे वय सत्तावीस होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध अवघ्या ३४ चेंडूंत शतक झळकावून महिलांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमधील सर्वांत वेगवान शतकाचा विक्रम तिने केला, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. अठराव्या वर्षी तिचा निकाल लावला असता तर काय लागला असता? आणि एक प्रश्न आम्ही हळूच विचारतो. अर्शिनच्या भोपळ्यावर जेवढी चर्चा सोलापुरात झाली, तिच्या निम्म्याने तरी किरणच्या विश्वविक्रमावर झाली काय?

आता गावाच्या कर्तव्याकडे वळू. उम्रीगर सोलापुरात जन्मले, पण घडले मुंबईत. अर्शिनलाही मोठे क्रिकेट शिकण्यासाठी अडीचशे किलोमीटरवरचे पुणे गाठावे लागले. पाऊणशे वर्षांच्या अंतराने दोन मुले एकाच वाटेने बाहेर गेली, याचा अर्थ मधल्या काळात ती वाट कोणी जवळ आणली नाही. जुनी पिढी ज्याला पार्क मैदान म्हणते त्या इंदिरा गांधी स्टेडियमचे नूतनीकरण झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये तेथे महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामनाही झाला. ही आनंदाची गोष्ट होय, पण ती आरंभाची आहे. वर्षाकाठी एखादा मोठा सामना झाल्याने खेळाडू तयार होत नाहीत. ते तयार होतात रोज पहाटे पाणी मारून आणि रोलर फिरवून सज्ज होणाऱ्या खेळपट्टीवर, शाळाशाळांच्या नियमित सामन्यांत, आणि गिरणगावातील ज्या मुलाजवळ पॅड घेण्याइतके पैसे नाहीत त्यालाही उभे राहू देणाऱ्या नेटमध्ये. यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाचा मुलगा पुण्यास जाऊन राहू शकत नाही. त्याच्या अंगी गुण असतील तर ते येथेच दिसले पाहिजेत, नाहीतर कधीच दिसणार नाहीत.

हे होण्यासारखे आहे, याला प्रमाण आपल्या शेजारचे विदर्भ आहे. एके काळी ज्या संघास कोणी मोजीत नसे, त्या विदर्भाने चिकाटीने खेळाडू घडविले आणि २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्राने मात्र देवधरांच्या काळानंतर, २०२४-२५ पर्यंतच्या आठ दशकांवर काळात, तो एकदाही जिंकलेला नाही. अर्शिनने ९० धावा काढल्या तो उपान्त्य सामनाही महाराष्ट्र हरला, आणि हरला तो विदर्भाशीच. त्या दिवशी विदर्भाने ३८० धावांचा डोंगर रचला होता. एका मुलाच्या नव्वद धावांनी तो ओलांडता आला नाही, यात नवल नाही. एकेका मुलाच्या खांद्यावर साऱ्या प्रांताची आशा ठेवून चालत नाही, हाच त्या सामन्याचा धडा. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने, आपल्या महानगरपालिकेने आणि येथील शिक्षणसंस्थांनी तो मनावर घ्यावा. पुण्याबाहेरच्या जिल्ह्यांत वर्षभर चालणारी प्रशिक्षणाची सोय आणि त्यांतून वर जाणारा सरळ रस्ता, एवढी माफक मागणी आम्ही या सर्वांपुढे ठेवीत आहोत.

राहता राहिले आपण, चर्चा करणारे लोक. चर्चा थांबवू नका, असेच आमचे सांगणे आहे. फक्त तिचा प्रश्न बदलावा. 'काल त्याने किती काढल्या?' याऐवजी 'गेल्या वर्षी जे त्याला येत नव्हते ते आता येते काय?' असे विचारावे. तो शून्यावर बाद झाला तर त्याच्या घरच्यांना रस्त्यात अडवून सांत्वन करू नये, आणि शतक झाले तर दुसऱ्या दिवशी त्याला भारताच्या संघात बसवू नये. चादरीचे सूत मागावर चढले की सोलापूरचा माणूस विणकराच्या पाठीशी उभा राहून 'झाली का, झाली का' असे विचारीत नाही; वीण घट्ट बसावयास जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, हे या गावास कोणी शिकवावयास नको. तोच समजूतदारपणा आपण आपल्या मुलांच्या बाबतीत दाखवावा. अर्शिन कुलकर्णी यास आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा आहेत. त्याने खुशाल खेळावे, चुकावे, शिकावे. निकालाची घाई सोलापूरला नाही, असे त्याला वाटू द्यावे. त्याला गावाकडून याहून अधिक उपयोगी असे काही देता येईल असे आम्हांस वाटत नाही.